जड पाणी

देवपुरातल्या एकोणतीस घरांचं पाणी
मी हलकं करून देतो.
मेम्ब्रेन बदलतो, मीटर बुडवतो, आकडा दाखवतो:
बोअरचं नऊशे चाळीस, नळीतून साठ.
लोक आकड्याकडे बघतात, मग माझ्या बुटांकडे.
राहिलेला खार मोरीतून पांझरेकडे जातो.

आणि रात्री, पावतीपुस्तकाच्या पाठकोऱ्या बाजूला:
सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच.
गुणाकार तीनदा केला.
सहाशे ऐंशी लिटर, तेवढेच किलो,
वर काच, वर दगड, वर वाळू;
टनाला थोडंच कमी.
रत्नप्रभा म्हणाली, दोन म्हशींचं वजन झालं हे,
पुढच्या खोलीत बांधणार?
म्हटलं, म्हशी हलतात.

फरशी अर्धा सेंटिमीटर उतरती निघाली.
वीस वर्षं त्या उतारावर आम्ही जेवलो,
आमटी कधी वाहून गेली नव्हती.
लोखंडी घोडीच्या एका पायाखाली पत्रा सरकवला,
लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आला.

मालेगावहून बारा मिलीची काच
मुश्ताकभाईंनी गोधडीत गुंडाळून आणली.
सिलिकॉन ओढताना ते श्वास रोखतात,
कोपरा संपला की सोडतात.
तीन दिवस घराला सिरक्याचा वास.

दगड लळिंगच्या बाजूचे, काळे,
हिलालअप्पांनी खाणीतून निवडून ठेवलेले.
"बिळं व्हायला पाहिजेत," मी सांगितलं,
"एकाला दुसऱ्याचं तोंड दिसू नये."
अप्पा हसले.
त्यांच्या अंगणातली भिंत
त्यांनी आणि भावाने मिळूनच बांधली होती.
दगड आधी तळावर, वाळू मागाहून,
नाहीतर हे मासे खालून उकरतात
आणि डोंगर बसतो त्यांच्याच डोक्यावर.

मग भरलं. बोअरचं, जसं येतं तसं.
सुपडू, माझा पोऱ्या, नळी धरून उभा:
"भाऊ, दिनभर खार काढस,
आनि घरमा खारच भरस?"

पाच आठवडे नुसतं पाणी.
दिवा चालू, पंप चालू, मासा एक नाही.
येणारा-जाणारा वाकून शोधायचा,
"दडले काय?"
अजून पाणी तयार होतंय, मी म्हणायचो,
आणि माझं मलाच ते खोटं वाटायचं.
काचेच्या नळीत थेंब टाकायचो:
जांभळं, जांभळं, जांभळं.
एका रविवारी निळं.

नाशिकहून एसटीने आले, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर,
थर्माकोलच्या पेटीत, चोवीस.
कमी ठेवले तर एक जण सरदार होतो,
एकेकाला हेरून मारतो,
म्हणून मुद्दाम गर्दी.
सोडल्यावर अर्धा तास टाकीत कुणीच नव्हतं.
मग एक निळा दगडाआडून आला
आणि काचेतल्या स्वतःवरच कल्ले फुलवून धावला.

मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर.
लाइट गेली की मी बर्फाच्या बाटल्या सोडतो,
रत्नप्रभा पुठ्ठ्याने पाण्याला वारा घालते.
तिनेच आधी पाहिलं:
"ही पिवळी चार दिवस जेवत नाहीये.
कोणता उपवास धरलाय हिने?"
टॉर्च लावला. हनुवटी फुगलेली,
तोंडात अंडी.
तीन आठवडे असंच, मी सांगितलं,
खायला तोंड उघडलं तर घर सांडतं.
ती काही बोलली नाही.
त्या रात्री ताटं मात्र
टाकीकडे पाठ येईल अशी मांडली.

पाणी रोज बोटभर उडतं.
काचेवर पांढरी रेघ राहते,
एकोणतीस घरांच्या किटल्यांत असते तीच.
पिशवीत ॲसिडची बाटली आहे.
काढलेली नाही.

सुपडू विचारतो, "ह्यास्नं गाव कोनतं, भाऊ?"
कॅलेंडरमागे आफ्रिका काढून दाखवली,
तिच्यात एक लांबट तळं, करंगळीएवढं.
"तठलं पानी कसं शे?"

"जड," मी म्हटलं.
"पण आपल्याएवढं नाही."